बारापैकी बारा

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

जे बरं करता येत नाही, ते आधी कळून माणसाने काय करायचं?

परवा एका आजोबांनी मला भर सभेत हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. सभा म्हणजे फार मोठं काही समजू नकोस. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मांडलेल्या खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या, आणि पुढे मी, हातात आमच्या संशोधन केंद्राचं माहितीपत्रक घेऊन.

तुला माझं काम नीट सांगितलेलंच नाही. आमचं केंद्र कंपवातावर संशोधन करतं. हात थरथरतात, चाल मंदावते, तो आजार. हात थरथरायला लागतो तेव्हा आजार नवा नसतो, मेंदूत तो कित्येक वर्षं आधीच येऊन बसलेला असतो. आणि बऱ्याच रुग्णांमध्ये सगळ्यात आधी जातं ते नाक. वास येईनासा होतो. म्हणून आम्ही शेकडो लोकांच्या नाकाची परीक्षा घेतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवतो. परीक्षा सोपी आहे. एका कार्डावर बारा ठिपके असतात. ठिपका नखाने खरवडायचा, नाकाशी धरायचा आणि वास कशाचा ते सांगायचं. मी परीक्षा घेते, आणि उरलेल्या वेळात हे सगळं साध्या भाषेत लोकांना समजावते. वास गेला म्हणजे कंपवात होणारच असं मुळीच नाही, हे मी प्रत्येक सभेत दोनदा सांगते. सर्दीने जातो, तापाने जातो, नुसत्या वयानेही जातो. आणि शेवटी माझं आवडतं वाक्य, माहितीपत्रकावरही मीच टाकलेलं: ‘माहीत असणं ही उपचाराची पहिली पायरी.’

आजोबा म्हणाले, “पहिली पायरी दिसली, बाळ. दुसरी कुठाय?”

सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, तेव्हा कुणी हसलं नाही.

असो. चांगली बातमी सांगायला पत्र लिहायला घेतलं आणि भलतीकडेच गेले. तुलना करायला आम्हाला धडधाकट माणसंही लागतात. आईच्या वयाच्या बायका मिळेनात, तेव्हा आमच्या केंद्रप्रमुख मॅडम म्हणाल्या, घरून आणा. मी आईला नेलं. आपल्याच माणसाची परीक्षा आपण घ्यायची नाही असा नियम आहे, म्हणून माझ्या सोबतच्या मुलाने घेतली. त्याला आम्ही उंट म्हणतो, दारातून वाकून येतो म्हणून. आई डोळे मिटून खुर्चीत ताठ बसली आणि एकेक उत्तर देत गेली. बारापैकी बारा! तिच्या वयात एवढे कुणालाच मिळाले नव्हते. उंट म्हणाला, “काकू, या नाकाचा विमा उतरवा.” बसमध्ये घरी येईपर्यंत आई मधून मधून नाकाला हात लावून बघत होती.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, दारात पडून राहिलं तरी पायात येतं.

तुझी चिमणी आता बालवाडीत जात असेल. त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. फक्त एवढंच, की आई बरी आहे, आणि तुझं नाव निघालं की ती उठून आत जाते.

तुझी,
धाकटी

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं. दोन ओळी. मला त्या पाठच झाल्या आहेत.

‘बारापैकी बारा ना? मग त्या दिवशी बाटलीतल्या दुधाचा वास तिला का आला नाही, ते विचार तिला. आणि आईच्या नाकाचं कौतुक मला परत कळवू नकोस.’

मी हे आईला वाचून दाखवलं नाही. ती विचारत होती, काय लिहिलंय. मी म्हटलं, मजेत आहेत सगळे, चिमणी बालवाडीत जाते. “रडते का जाताना?” तिने विचारलं. मी म्हटलं, ते नाही लिहिलं. “तेच तर लिहायचं असतं,” असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

तुझा प्रश्न बरोबर आहे, ताई. तो मला आधी सुचला नाही याची लाज वाटते. त्या दिवशी मी कॉलेजच्या परीक्षेला गेले होते, म्हणून मला सगळं ऐकूनच माहीत. तू औषधांच्या दुकानातून परत आलीस. दारातच तुला नासक्या दुधाचा आंबूस वास आला. आई चिमणीला मांडीवर घेऊन तीच बाटली पाजत होती. तू ओरडलीस, “मला दारातून वास येतो आणि तुला हातात बाटली असून येत नाही?” आई काही बोलली नाही. मग संध्याकाळपर्यंत चिमणीचं उलट्या-जुलाबांनी पोतेरं झालं, दवाखाना, एवढ्याशा हाताला सलाइन. तिथून तू परस्पर निघून गेलीस, आणि जाताना म्हणालीस की माझं लेकरू तुझ्या हातात पुन्हा देणार नाही. तीन वर्षं होतील आता.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आईचं लक्ष नसेल. दमलेली असेल. पण बारापैकी बारा मिळवणारं नाक आणि ती बाटली एका माणसाच्या हातात बसत नाहीत. तू काय समजत असशील ते मला कळतं. मला ते खरं मानायचं नाही.

आणखी एक. आई लाँड्रीत इस्त्रीवर नाही आता. तिला घडीवर बसवलंय. मला म्हणाली, गुडघे दुखतात, बसून बरं पडतं. पण बाजूच्या मशीनवरची बाई, जिला सगळे भोंगा म्हणतात, ती मला रस्त्यात भेटली. म्हणाली, “अगं, तुझी आई हल्ली कुठल्या विचारात असते? चादर जळून काळी होते तरी इस्त्री उचलत नाही. मी ओरडते म्हणून वाचतात चादरी. पण मालकाच्या पुढ्यात दोन उशांचे अभ्रे गेले, तिथे माझा भोंगा काय वाजणार?”

म्हणजे धूर निघेपर्यंत. आणि धुराचा ठिपकाही कार्डावर असतो.

आमच्याकडे नवीन कार्डं आली आहेत. वास तेच, क्रम बदललेला. सरावासाठी एक घरी आणलंय. ते माझ्या पिशवीत आहे. दोन दिवस झाले, काढलेलं नाही.

तुझी,
धाकटी

२३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र मी टाकणार नाही. तशी आईने शपथ घातली आहे मला. पण कुणाला तरी सांगितलं नाही तर मी सभेत उभी राहून हेच बोलून बसेन.

आज सुट्टी. दुपारी आई खिडकीशी बसली होती. मी कार्ड काढलं. म्हटलं, “आई, जरा सराव करू दे.” ती लगेच सावरून बसली, डोळे मिटले. तिला ते आवडायला लागलं होतं.

मी पहिला ठिपका खरवडला. रॉकेल. मला हातभर अंतरावरून आला.

“लिंबू,” आई म्हणाली.

मला वाटलं, चुकली. दुसरा खरवडायला नख टेकवलं, अजून खरवडला नव्हता, तोच ती म्हणाली, “साबण.”

तिसऱ्याला गुलाब. चौथ्याला धूर. डोळे मिटलेले, चेहरा आनंदी, शाळेत कविता म्हणावी तशी. चौथ्यालाच मला कळलं होतं. पण परीक्षा मध्येच थांबवायची नाही आणि आवाज बदलू द्यायचा नाही असा नियम आहे, नाहीतर समोरच्याला उत्तराचा सुगावा लागतो. मी बाराही ठिपके केले. माझा आवाज शेवटपर्यंत सारखा होता. मॅडमना अभिमान वाटला असता.

बारावा दोन्ही कार्डांवर डिंकाचाच आहे. “डिंक,” आई म्हणाली आणि डोळे उघडले. “किती?”

“एक.”

“चेष्टा करतेस!”

“आई, हे नवीन कार्ड आहे. क्रम बदललाय.”

तिने माझ्या हातातून कार्ड घेतलं, नाकाला चिकटवलं आणि जोरात श्वास घेतला. खोलीत रॉकेल, धूर, लसूण सगळ्याची खिचडी झाली होती. ती म्हणाली, “कागदाचा येतो.” मग माझ्याकडे बघून, “कागदाला असतो ना वास?” आणि मग कार्ड खाली ठेवून, “नाही येत.”

ताई, तुला कळलं का काय झालं होतं? ती क्रम पाठ म्हणत होती, माझाच. परीक्षा घेणाऱ्याने उत्तरांच्या कागदाकडे बघायचं नसतं, म्हणून नोकरी लागल्यावर पहिलं वर्षभर मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत तो क्रम घोकत होते. लिंबू, साबण, गुलाब, धूर. ती तिथेच भांडी घासत असायची.

“पाठ का केलंस?” मी विचारलं.

“केलं कुठे? झालं. तू एवढी घोकत होतीस, भिंतींनाही येत असेल.”

“मग तिथे खरं का नाही सांगितलंस?”

“तिथे तुझ्या मॅडम उभ्या होत्या. माझ्या पोरीची पहिली नोकरी, आणि तिच्या आईला साधा साबण ओळखता येत नाही? घरातली पहिली शिकलेली मुलगी तू. मी तुझी मान खाली घालू?”

मी विचारलं, “कधीपासून येत नाही?” ती म्हणाली, तुला कशाला हवंय. मी पुन्हा विचारलं. मग ती खिडकीबाहेर बघत बोलली, आणि ते मी तिच्याच शब्दांत लिहिते.

“चिमणीचं दूध मी नाकाला लावून बघितलं होतं. दोनदा. काही वास नव्हता. वास नाही म्हणजे चांगलं, असंच ना?”

मी खाली ठेवलेलं कार्ड उचलून पिशवीत टाकलं.

“मलाच तेव्हा कळलं,” ती म्हणाली. “ती दारातून ओरडली तेव्हा. तिला दारातून येतो आणि माझ्या नाकाशी बाटली. तेव्हा कळलं. आता तिचं लेकरू पांढरंफटक पडलेलं, तिथे मी काय, माझ्या नाकाचं रडगाणं लावू?”

“पण नंतर?”

“नंतर ती फोन उचलेना.”

मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता ताईला लिहिते. तशी ती एकदम उठली. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “लिहायचं नाही. शपथ आहे. दया येऊन आली तर नको मला. रागावलेली असू दे. रागावलेली आहे म्हणजे माझी आहे अजून.”

ती आत गेल्यावर मला दुसरं काहीतरी सुचलं. तीन वर्षं. नाक गेल्याला निदान तीन वर्षं झाली. ‘कित्येक वर्षं आधी,’ असं आमच्या माहितीपत्रकावर मीच लिहिलंय. लिहिताना ‘कित्येक’ हा शब्द कानाला बरा वाटला म्हणून ठेवला होता.

धाकटी

५ मार्च

ताई,

हेही पत्र टाकणार नाही, पण लिहिते.

मला भीती वाटते. दुसरं कुठलं नाव देता येत नाही. मी लोकांना सांगते की वास गेलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही, आणि ते खरं आहे, मी स्वतः ते शोधनिबंध वाचलेत. पण ‘बहुतेक’ या शब्दात आईला बसवायला गेले की ती त्यातून घसरते.

मॅडमनी आम्हाला शिकवलंय काय बघायचं. चालताना एक हात हलत नाही. चेहरा हळूहळू थिजतो. अक्षर बारीक होत जातं. झोपेत माणूस हातपाय झाडतो, ओरडतो. मी आता आईकडे आई म्हणून बघतच नाही. सकाळी ती लाँड्रीला निघाली की मी खिडकीत उभी राहते. तिच्या डाव्या हातात पिशवी असते, म्हणून डावा हात हलत नाही. मी म्हटलं, उजव्या हातात घे. घेतली. मग उजवा हलेना, अर्थातच. परवा मी म्हटलं, पिशवी राहू दे, मी जाता जाता आणून देते. ती मोकळ्या हातांनी निघाली. डावा हात हलला. मग हलला नाही. मग समोर सायकलवाला आला, आणि तो गेला तेव्हा आई वळली होती.

अक्षराचं मला बघता येत नाही. आई सहीपुरतंच लिहिते, आणि तिची सही पहिल्यापासून मुंगीएवढी.

आणि झोप. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो. मी कानात कापूस घालून झोपते, ताई. ‘माहीत असणं ही पहिली पायरी’ लिहिणारी मी. ती रात्री ओरडते की नाही हे मला कळायला नको. तिने कापूस बघितला आणि विचारलं, कान दुखतो का? मी हो म्हटलं. संध्याकाळी येताना तिने दुकानातून कानात घालायचे थेंब आणले. आता नसलेल्या दुखण्यासाठी रोज दोन थेंब घालून घेते, आणि ती माझं डोकं मांडीवर घेऊन हलू देत नाही.

केंद्रात मी खरं सांगितलं. आईचे बारा गुण खोटे होते, आणि ते माझ्या घोकण्यामुळे. मला वाटलं, नोकरी गेली. मॅडमनी चष्मा काढून विचारलं, “आणखी कुणाकुणासमोर घोकत होतीस?” मी म्हटलं, फक्त आई. उंटाने आमच्या फळ्यावर कोपऱ्यात ‘काकूंचा विक्रम’ असं लिहून ठेवलं होतं, ते तो पुसायला उठला. पुसताना माझ्याकडे बघत नव्हता. विक्रम गेला याचं मला एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, आधी साधी कारणं बघू. लाँड्रीतली रसायनं असतील, जुना ताप असेल, नाकात काही वाढलेलं असेल. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दिवा लावून आत बघितलं. नाक स्वच्छ आहे, म्हणाले. आई खूश झाली. मी त्यांना काहीतरी सापडावं म्हणून देवाला विनवत होते. आईच्या नाकात गाठ असावी म्हणून विनवणारी मुलगी बघितली आहेस का कधी?

आता एकच उरलंय. मेंदूचं एक चित्र काढता येतं. आजार सुरू झाला असेल तर मेंदूतलं एक रसायन कमी झालेलं त्यात बऱ्यापैकी दिसतं. वास गेलेल्यांना आमच्या अभ्यासात ते चित्र काढून मिळतं. निकाल जाणून घ्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आई म्हणाली, “तू सांग. तू शिकलेली.”

पदवीचा फोटो भिंतीवर लागला तेव्हापासून या घरातलं प्रत्येक उत्तर मीच द्यायचं असतं. औषधाच्या बाटलीवरचं, वीजबिलावरचं, सगळं दिलं मी. हे देता येत नाही.

धाकटी

१८ मार्च

प्रिय ताई,

आई मॅडमसमोर बसली. मी बाजूला. आईने लाँड्रीतून येताना हात धुतले होते, तरी ती ते मांडीखाली लपवत होती.

“कळल्यावर तुम्ही काय देणार?” तिने विचारलं. तेच, आजोबांचंच. मी मॅडमकडे बघितलं. मला वाटलं, आता मोठं माणूस उत्तर देईल.

मॅडम म्हणाल्या, “थांबवणारं औषध आज नाही. व्यायाम सांगू, लक्ष ठेवू. पुढे त्रास झालाच, तर त्रास कमी करणारी औषधं आहेत, ती चांगली आहेत. आणि नवीन औषधांचे प्रयोग चालू आहेत. पण आज तुमच्या हातावर ठेवायला माझ्याकडे काही नाही.”

“खरं बोललात, बरं वाटलं,” आई म्हणाली. मग माझ्याकडे मान वळवली. “ही आत्ताच माझ्याकडे कशी बघते बघा. खिडकीतून बघते, जेवताना बघते. चमचा उचलला की हिचा श्वास अडकतो. कळल्यावर काय करेल?”

तिला सगळं माहीत होतं, ताई. खिडकी माहीत होती. कापूसही माहीत होता असं मला आता वाटतं.

आई म्हणाली, “चित्र काढा. तुमच्या कामाचं असेल तर काढा. मागे माझे बारा गुण खोटे गेले, हे तरी खरं जाऊ द्या. मला सांगू नका. हिला सांगायचं का, ते हिलाच विचारा. माझी हरकत नाही.”

चित्र काढून झालं. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “दुखत नाही काही. नुसतं पडून राहायचं. इतका वेळ स्वस्थ मी आयुष्यात पडले नव्हते.” घरी येताना बसमध्ये झोपली. हात पाय झाडले नाहीत. रस्त्याला गचके होते, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

निकाल गेल्या आठवड्यात आला. मॅडमच्या खोलीत आहे, माझ्या टेबलापासून एका दाराच्या अंतरावर. मॅडम चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत, त्यांनीच आम्हाला आवाज सारखा ठेवायला शिकवलंय. त्या मला ‘चहा घेतेस का’ म्हणाल्या तरी मला त्यात काहीतरी ऐकू येतं. त्यांच्या दारावरून जायला नको म्हणून मी जिना उतरून, मागच्या बाजूने वर येते.

काल मी त्या मागच्या जिन्यात थांबले होते आणि मला तू आठवलीस. समजा, मी निकाल बघितला आणि तो वाईट निघाला. मग मी तुला लिहिणार, शपथ मोडून लिहिणार, आणि तू येशील. येशीलच. पण ती दया होईल, आणि आईला ती दारातूनच ओळखू येईल. आणि समजा, चांगला निघाला. मग मी सुटले म्हणून शपथ पाळीन, आणि तू आयुष्यभर समजत राहशील की आईने जाणूनबुजून चिमणीला ते दूध पाजलं. निकाल कुठलाही निघो, तुम्ही दोघी जिथे आहात तिथेच राहता. तुला सांगायचं असेल तर ते कुणालाच काही माहीत नसताना सांगायला हवं.

म्हणून मी पुढच्या जिन्याने वर गेले आणि मॅडमचं दार वाजवलं. म्हटलं, मला बघायचं नाही. निदान आत्ता नाही. त्या म्हणाल्या, “नक्की?” मी म्हटलं, नक्की नाही, पण नको. त्यांनी मान हलवली. आवाज सारखाच.

माहितीपत्रक पुन्हा छापायला जातंय. ते पायरीचं वाक्य मी काढलंय. त्या जागी अजून काही सुचलेलं नाही, तर ती जागा कोरीच जाईल.

आणि आज सकाळी मी आईला सांगितलं की मी शपथ मोडतेय. ती चादरीची घडी घालत होती. चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन तिने धरली, आम्ही जवळ आलो, लांब गेलो, पुन्हा जवळ आलो. घडी पूर्ण झाल्यावर ती म्हणाली, “मग नीट लिही. दूध नाकाला लावून बघितलं होतं, ते लिही.”

“लिहिलंय.”

“दोनदा.”

“दोनदा लिहिलंय, आई.”

“आणि माझं नाक गेलं म्हणून ये, असं लिहू नकोस.”

नाही लिहीत. ताई, ये असं मी लिहीतच नाही. आईला काय आहे, काय होणार आहे, हे मला माहीत नाही, तिला माहीत नाही, आणि म्हणून तुलाही कळणार नाही. दया करण्यासारखं तुझ्या हाती मी काहीच देत नाही. ती बाटली तेवढी देते. ती तिने दोनदा नाकाला लावून बघितली होती, आणि तिला काही वास आला नव्हता.

तेवीस फेब्रुवारीपासूनची सगळी पत्रं यात घालते आहे. त्यात मी स्वतःबद्दल जे लिहिलंय ते खोडावंसं वाटत होतं. खोडलं नाही.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

ताई,

ही चिठ्ठी वेगळी, कारण पाकीट कालच गेलं. हे त्यात घालता आलं नाही.

पाकीट फुगलं होतं, त्याचं तोंड बसेना. आई म्हणाली, दे इकडे, तुझ्या हाताला घडीची सवय नाही. तिने पत्रं बाहेर काढली, टोकाला टोक लावून पुन्हा नीट दुमडली. वाचली नाहीत. तिला वाचता येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे, पण ‘वाचून दाखव’ असंही ती म्हणाली नाही; सगळं माझ्यावर सोडलंय, ते मला तिच्या हातांकडे बघून कळलं. मी हातांकडे बघत होते, पण थरथर शोधायला नव्हे. हे पुष्कळ दिवसांनी झालं.

मग तिने डिंकाची बाटली आणली, ब्रशने पाकिटाच्या काठाला डिंक लावला, चिकटवलं आणि वरून तळहात फिरवला, इस्त्री फिरवावी तसा. सवयीने पाकीट उचलून नाकाला लावलं. ती अजून सगळंच लावते, धुतलेल्या चादरी, दूध, सगळं. डोळे मिटले.

“डिंक,” ती म्हणाली, आणि डोळे उघडून माझ्याकडे बघून हसली.

तिला खरंच वास आला, की हातात डिंकाची बाटली होती म्हणून, की बारावं उत्तर डिंक म्हणून? महिन्यापूर्वी मी लगेच कार्ड काढलं असतं.

मी विचारलं नाही. कानातला कापूस सकाळीच टाकून दिला होता. तिच्या हातातून पाकीट घेतलं, कोपऱ्यापर्यंत गेले आणि पेटीत टाकून आले.

धाकटी